कृत्रिम माशी (खाऱ्या पाण्यातील मासेमारी)

कृत्रिम माशी किंवा फ्लाय म्हणजे गळाच्या दांड्यावर पिसे, केस, लोकर, धागा व कृत्रिम तंतू बांधून तयार केलेले अत्यंत हलके खोटे आमिष होय. ‘माशी’ हा शब्द गोड्या पाण्यातील मासेमारीतून आला आहे. तेथे ट्राउटसारखे मासे पाण्यावरील कीटक खातात आणि आमिष त्या कीटकांची नक्कल करते. खाऱ्या पाण्यात वापरली जाणारी माशी मात्र बहुधा कीटकासारखी नसते. ती लहान मासा, कोळंबी किंवा खेकडा यांचे रूप घेते. तरीही बांधण्याची रीत आणि फेकण्याची पद्धत तीच राहिल्याने नाव बदलले नाही.

समुद्रकिनारा, खाडी व नदीमुखात अशी मासेमारी करताना कोणती माशी निवडावी, ती कोणत्या गळावर, कोणत्या साहित्याने आणि कशी बांधावी, हा या लेखाचा विषय आहे. भारतात हा छंद अद्याप मर्यादित आहे. मात्र माशी बांधण्यासाठी लागणाऱ्या पिसांचा भारतातील वन्यपक्ष्यांशी जुना आणि फारसा अभिमानास्पद नसलेला संबंध आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या वनप्रदेशालाही हा विषय त्यामुळेच परका नाही.

फेकीचे तत्त्व

नेहमीच्या गळमासेमारीत आमिषाला किंवा त्याजवळ लावलेल्या शिशाला वजन असते आणि ते वजन दोरीला ओढत नेते. माशीला स्वतःचे वजन जवळपास नसते. म्हणून या पद्धतीत दोरीच जाड व वजनदार असते. छडीच्या हालचालीने ती हवेत मागे-पुढे उलगडते आणि टोकाला असलेल्या माशीला आपल्यासोबत नेते. दोरी व माशी यांच्यामध्ये लीडर नावाचा पारदर्शक, निमुळता नायलॉनचा धागा असतो.

या तत्त्वामुळे माशीच्या बांधणीवर थेट मर्यादा येतात. पाणी शोषून जड होणारी माशी दोरीला पेलवत नाही, आणि हवेत पसरणारी झुबकेदार माशी वाऱ्याला अडते. दुकानात भरगच्च दिसणारी माशी किनाऱ्यावरच्या वाऱ्यात निरुपयोगी ठरते ती यामुळेच. दोरी व छडीला वजनानुसार क्रमांक दिलेले असतात. खाऱ्या पाण्यासाठी साधारणतः 8 ते 12 या क्रमांकांच्या, सुमारे 9 फूट लांबीच्या छड्या वापरल्या जातात. छोट्या कोळंबीसारख्या माशीसाठी 8 क्रमांक पुरतो. हातभर लांबीची माशी फेकायची असेल तर 10 ते 12 लागतो.

संक्षिप्त इतिहास

कृत्रिम माशीचा सर्वांत जुना सुस्पष्ट उल्लेख इसवी सन 200च्या सुमारास लिहिणाऱ्या ईलियन या रोमन लेखकाकडे सापडतो. मॅसिडोनियातील ॲस्ट्रेअस नदीवरील लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवत, असे त्याने नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये 1496 साली छापल्या गेलेल्या एका प्रबंधात निरनिराळ्या माश्यांची वर्णने आहेत. भारतात ही पद्धत ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर आली. हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 साली प्रसिद्ध झाले. त्या काळातील अधिकाऱ्यांचे लक्ष प्रामुख्याने नदीतील महासीर माशावर होते.

खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंगला स्वतंत्र रूप आले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर. 1947 साली जो ब्रुक्स यांनी तेथील उथळ पाण्यात बोनफिश हा मासा माशीवर पकडला आणि पुढे या विषयावर पुस्तक लिहिले. त्यानंतरच्या चार दशकांत आज सर्वत्र वापरले जाणारे बहुतेक नमुने तयार झाले.

खाऱ्या पाण्याचे वेगळेपण

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारा पोलादी गळ येथे एका दिवसात तांबेरतो. तांबेरलेल्या गळाचा गंज पिसांवर आणि केसांवर उतरतो, आणि एक ओली माशी डबीतील बाकीच्याही खराब करते. वापरलेल्या माश्या गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच डबीत ठेवण्याची शिस्त त्यामुळे आवश्यक ठरते.

दुसरा फरक माशांच्या वर्तनाचा आहे. नदीतला ट्राउट एकाच जागी थांबून प्रवाहाने वाहत येणारे कीटक टिपतो, आणि तो ठरावीक दिवशी ठरावीक कीटकच खातो. समुद्रातील शिकारी मासे भरती-ओहोटीबरोबर फिरतात आणि समोर येईल ते पळणारे भक्ष्य झडप घालून पकडतात. येथे अचूक नक्कलीपेक्षा आकार, लांबी, पाण्यातील खोली आणि हालचाल यांना जास्त महत्त्व आहे. माशीला डोळे, खवले, कल्ले हुबेहूब रंगवणारे कारागीर आहेत. त्यांचे काम पाहण्यासारखे असते, परंतु मासे त्याची कदर करतात असे दिसत नाही. अपवाद एकच, तो म्हणजे डोळ्यांचा. मोठा, ठळक डोळा असलेल्या माशीवर अनेक शिकारी मासे अधिक विश्वासाने झेपावतात, असा मच्छीमारांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

गळाची निवड

गळाचे पाच भाग माशी बांधणाऱ्यास ठाऊक असावे लागतात : दोरा ओवायचे नेढे, ज्यावर साहित्य बांधले जाते तो सरळ दांडा, मागचा बाक, टोक आणि टोकाच्या आत असलेला उलटा दात. टोक व दांडा यांमधील अंतराला गळाची फट म्हणतात. साहित्य बांधल्यावरही ही फट मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर गळ माशाच्या जबड्यात शिरत नाही.

आकाराचे क्रमांक नवशिक्यास गोंधळात टाकतात. 8, 6, 4, 2, 1 असा क्रमांक उतरत जातो तसा गळ मोठा होतो. 1 नंतर मात्र 1/0, 2/0, 3/0 असा क्रम सुरू होतो आणि तेथे वाढत्या अंकाबरोबर गळही वाढतो. कोळंबीच्या नकलेसाठी 4 ते 8, बोटभर माशाच्या नकलेसाठी 2 ते 1/0 आणि जिताड्यासारख्या मोठ्या तोंडाच्या माशासाठी 2/0 ते 4/0 हे सर्वसाधारण प्रमाण आहे.

धातूच्या बाबतीत दोन पर्याय आहेत. स्टेनलेस स्टीलचा गळ गंजत नाही, मात्र त्याचे टोक तुलनेने लवकर बोथट होते आणि कानशीने वारंवार घासावे लागते. कथिलाचा किंवा अन्य धातूचा मुलामा दिलेला कार्बन पोलादी गळ अधिक तीक्ष्ण राहतो, परंतु मुलामा निघताच गंजू लागतो. दोर तुटून मासा गळासह निसटला, तर स्टेनलेस गळ त्याच्या तोंडात दीर्घकाळ राहतो. या कारणाने मासा सोडून देणारे अनेक जण मुलामा दिलेला गळ पसंत करतात.

उलटा दात चिमट्याने दाबून सपाट करण्याची पद्धत आता बरीच रूढ आहे. हे काम माशी बांधण्याआधी करावे लागते. पोलाद कडक असल्याने दात दाबताना कधीकधी टोकच तुटते, आणि अर्धा तास खर्चून बांधलेल्या माशीचे टोक तुटण्यापेक्षा कोरा गळ वाया गेलेला परवडतो.

प्रमुख नमुने

जगभरात हजारो नमुने प्रचलित असले तरी खाऱ्या पाण्याचे बहुतांश काम पाच-सहा नमुन्यांवर भागते.

लेफ्टीज डिसीव्हर हा त्यांतील सर्वांत जुना. बर्नार्ड ‘लेफ्टी’ क्रे यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात स्ट्राइप्ड बास या माशासाठी तो तयार केला. यात कोंबड्याची लांब, अरुंद पिसे बाकाजवळ शेपटीसारखी बांधली जातात आणि नेढ्याजवळ हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर असते. त्याआधीच्या माश्यांमध्ये लांब पिसे दांड्याच्या पुढील भागात बांधली जात. फेकताना ती बाकाभोवती गुंडाळली जात आणि माशी गोल फिरू लागे. डिसीव्हरने ही अडचण केवळ पिसांची जागा बदलून सोडवली. 1991 साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर हा नमुना झळकला.

क्लाउझर मिनो हा आज बहुधा सर्वाधिक वापरला जाणारा नमुना आहे. पेनसिल्व्हेनियातील बॉब क्लाउझर यांनी 1980च्या दशकात तो सस्क्वेहॅना नदीतील स्मॉलमाउथ बास या माशासाठी बनवला, म्हणजे तो मुळात समुद्राचा नाहीच. दांड्याच्या वरच्या बाजूस डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे बांधल्याने वजन वर जाते, माशी पाण्यात उलटी होते आणि गळाचे टोक आकाशाकडे राहते. त्यामुळे ती तळावर घासली तरी दगडात किंवा शेवाळात सहसा अडकत नाही. ओढल्यावर ती पुढे सरकते, थांबताच तोंडावर खाली जाते. जखमी माशाची ही उसळती-बुडती चाल हेच तिचे आकर्षण. लेफ्टी क्रे यांनीच तिला हे नाव दिले.

क्रेझी चार्ली ही कोळंबीची नक्कल 1977 साली बहामातील ॲन्ड्रोस बेटावर बॉब नॉहाइम यांनी वाटाड्या चार्ली स्मिथ यांच्या सोबतीने घडवली. खेकड्याच्या नकला उथळ वाळूवर फिरणाऱ्या पर्मिटसारख्या माशांसाठी असतात. दातेरी मासे केस व पिसे पहिल्याच चाव्यात कापून टाकतात. त्यावर उपाय म्हणून न्यू जर्सीच्या बॉब पोपोव्हिक्स यांनी कृत्रिम तंतूंवर इपॉक्सीचा पारदर्शक लेप चढवलेली सर्फ कँडी पुढे आणली. याखेरीज फोम किंवा बुचाचे डोके असलेले पॉपर पृष्ठभागावर ‘पुक्‌’ असा आवाज करत चालतात. ते मासा पकडण्यास सर्वांत खात्रीचे नसले तरी पाहण्यास सर्वांत आनंददायक असतात.

निवडीचे निकष

माशी निवडताना पहिला प्रश्न खोलीचा, दुसरा भक्ष्याच्या लांबीचा आणि रंगाचा प्रश्न त्यानंतरचा. नवशिके हा क्रम बहुधा उलटा लावतात.

कंबरभर पाण्यात जड डोळ्यांची माशी पडताच तळाला जाते व तिच्या आवाजाने मासे बिथरतात. तेथे पोकळ मण्यांच्या साखळीतून कापलेले हलके डोळे किंवा बिनवजनाची माशी योग्य. दोन-तीन मीटर खोल आणि वाहत्या पाण्यात मात्र धातूचे डोळे हवेतच. डोळ्यांचे वजन साधारण अर्ध्या ग्रॅमपासून सव्वा ग्रॅमपर्यंत असते. या अल्प फरकाने माशीचा बुडण्याचा वेग लक्षणीय बदलतो, म्हणून एकच नमुना दोन-तीन वजनांत बांधून ठेवण्याची प्रथा आहे.

रंगाविषयी मतभेद पुष्कळ आहेत, परंतु काही गोष्टी भौतिकशास्त्रावर आधारलेल्या आहेत. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. काही मीटर खोलीवर लाल माशी काळपट दिसते. गढूळ पाण्यात रंगछटांपेक्षा बाह्याकृती दिसते, म्हणून तेथे काळी, जांभळी अथवा पोपटी-पिवळी माशी वापरतात. स्वच्छ पाण्यात पोट पांढरे व पाठ शेवाळी, करडी किंवा वाळूच्या रंगाची ठेवतात. बहुतेक लहान माशांची रंगसंगती हीच असते : वरून पाहणाऱ्यास पाठ तळाच्या रंगात मिसळते आणि खालून पाहणाऱ्यास पोट आकाशाच्या उजेडात. रात्री काळी माशी उपयोगी पडते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. खालून पाहणाऱ्या माशाला फिकट आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा आकारच सर्वांत ठळक दिसतो.

कोकण व गोव्याच्या खाड्यांच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा अनेक खाड्या आहेत. त्यापुढे तेरेखोल आणि गोव्यातील मांडवी व झुआरी नद्यांची मुखे येतात. पावसाळ्यात व त्यानंतर काही काळ पाणी गढूळ असते, आणि हिवाळ्यापासून ते निवळू लागते.

माशीवर येऊ शकणाऱ्या येथील माशांमध्ये जिताडा प्रमुख आहे. गोव्यात यास चोणक म्हणतात, तर ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामुंडी या नावाने ओळखला जातो आणि तेथे तो माशीवर पकडण्याची परंपरा मोठी आहे. जिताडा दबा धरून बसणारा शिकारी आहे. भक्ष्य जवळ येताच तो तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. यामुळे त्याच्यासाठी मोठी, परंतु आत ओढली जाण्याइतकी लवचिक माशी हवी. 10 ते 15 सेंटीमीटर लांबीचा डिसीव्हर, बोयच्या पिल्लासारखा पांढरा-करडा, हा त्यासाठीचा सरळ पर्याय होय. त्याचे तोंड खरखरीत आणि कल्ल्यांच्या झाकणाची कडा धारदार असते. त्यामुळे लीडरच्या टोकाला जाड, घासण्यास टिकणारा नायलॉन जोडावा लागतो.

तांबोशी कांदळवनाच्या मुळांत राहते आणि माशी पकडताच परत मुळांत घुसते. येथे गळाच्या नेढ्यापासून बाकापर्यंत जाड नायलॉनची कमान बांधून गळाचे टोक झाकतात, म्हणजे माशी मुळांत अडकत नाही. रावस उघड्या वाळूकाठाशी, लाटांच्या गढूळ पट्ट्यात फिरतो व कोळंबी खातो. त्यासाठी लहान क्लाउझर पुरेसा असतो. सुरमई दातांनी नायलॉन सहज कापते, तेव्हा तारेचा तुकडा जोडणे भाग पडते.

वेळ निवडण्याचे ज्ञान कोळी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि माशीने मासेमारी करणाऱ्यासही तेच लागू पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत पाण्याचा वेग फार वेगळा असतो. उधाणाच्या ओहोटीत कांदळवनातील पाणी लहान ओहोळांतून बाहेर पडते, त्याबरोबर कोळंबी व बोयची पिल्ले बाहेर येतात, आणि ओहोळाच्या मुखाशी जिताडा वाट पाहत असतो. अशा वेळी माशी प्रवाहाच्या आडवी फेकून पाण्याबरोबर वाहू देतात. प्रवाहाविरुद्ध वेगाने पळणारे कोळंबीचे पिल्लू कोणत्याही माशाने पाहिलेले नसते.

क्लाउझर मिनोची बांधणी

बांधणीसाठी गळ घट्ट धरणारा छोटा व्हाइस, धाग्याची रिळी धरणारे बॉबिन, बारीक टोकाची कात्री व डिंक किंवा वार्निश एवढी साधने पुरतात.

गळ व्हाइसमध्ये टोक खाली ठेवून बसवतात. मजबूत पॉलिस्टर धागा नेढ्यामागून सुरू करून दांड्याच्या पुढील निम्म्या भागावर घट्ट गुंडाळतात. नेढ्यापासून दांड्याच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर, दांड्याच्या वरच्या बाजूस, डंबेल डोळे ठेवून धाग्याचे इंग्रजी आठच्या आकाराचे तिरपे फेरे देतात. त्यानंतर डोळ्यांच्या खाली, पण दांड्याच्या वर, आडवे गोल फेरे घेऊन ते तिरपे फेरे आवळतात. ही दुसरी पायरी टाळल्यास डोळे काही फेकींनंतर फिरतात आणि माशी कुशीवर पोहू लागते. बांधणीतील सर्वाधिक बिघाड याच एका ठिकाणी होतात. फेऱ्यांवर डिंकाचा थेंब देऊन तो सुकू द्यावा.

मग पांढऱ्या केसांचा एक झुबका घ्यावा. दाबल्यावर आगकाडीपेक्षा फार जाड नसावा. त्याची लांबी दांड्याच्या दोन ते अडीच पट ठेवतात. झुबका डोळ्यांच्या पुढे, नेढ्याच्या बाजूस बांधून दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे नेतात आणि डोळ्यांच्या मागे काही फेऱ्यांनी पुन्हा आवळतात. हे माशीचे पोट झाले.

आता गळ व्हाइसमध्ये उलटा बसवतात, म्हणजे टोक वर येते. डोळ्यांच्या पुढे चमकदार तंतूंचे आठ-दहा धागे बांधतात व त्यांवर गडद रंगाच्या केसांचा दुसरा झुबका. हा झुबका डोळ्यांच्या मागे आवळत नाहीत. तो मोकळा राहून गळाच्या टोकावरून मागे जातो व ते काही अंशी झाकतो. केसांची उरलेली बुडे तिरपी कापून धाग्याने निमुळते डोके बनवतात, स्वतःखालीच दाबली जाणारी शेवटची गाठ देतात आणि वार्निश लावतात. नेढे मोकळे राहिले आहे ना, हे वार्निश ओले असतानाच पाहावे.

तयार माशी उजेडासमोर धरल्यास केसांतून पलीकडचे दिसले पाहिजे. नवशिक्याची पहिली माशी जवळजवळ नेहमी अतिभरगच्च असते. दाट केस पाण्यात एकत्र चिकटून काठीसारखे होतात, तर विरळ केस ओढताना मिटतात, थांबताना उघडतात आणि माशी श्वास घेत असल्यासारखी दिसते.

माशी लीडरला बांधताना घट्ट गाठीऐवजी न सरकणारा छोटा फास ठेवल्यास ती मोकळेपणाने डोलते. मासा लागल्यावर ट्राउटप्रमाणे छडी वर उचलू नये. दोरी हाताने सरळ मागे खेचून गळ रुतवतात. छडी उचलल्यास माशी माशाच्या तोंडातून वर निघून जाते, तर हाताने खेचल्यास ती चुकली तरी त्याच्यासमोरच राहते.

पिसे, केस आणि वन्यजीव कायदा

डिसीव्हर व क्लाउझरसाठी परदेशात पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाचे केस वापरले जातात. भारतात चितळ, सांबर आदी सर्व हरणांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू असल्याने त्यांचे केस, कातडी वा शिंगे माशीसाठी वापरता येत नाहीत. जंगलात मेलेल्या प्राण्याचे केसही याला अपवाद नाहीत. पाळीव कोंबड्याची पिसे, शेळीचे लांब केस, मेंढीची लोकर आणि कृत्रिम तंतू हे कायदेशीर व सहज उपलब्ध पर्याय होत. शेळीचे केस हरणाच्या केसांइतके ताठ नसतात, पण पाण्यात अधिक सुंदर हलतात.

माशी बांधणीच्या इतिहासात सर्वाधिक मागणी असलेल्या पिसांपैकी एक भारताचे आहे. राखी रानकोंबडा हा पक्षी फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळतो. त्याच्या नराच्या मानेवरील पिसांच्या टोकाशी मेणासारखे चकचकीत, पिवळसर-पांढरे ठिपके असतात. माशीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस असे एकेक पीस लावले की हुबेहूब डोळा दिसतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश सॅमन माश्यांत ही पिसे जवळपास अनिवार्य समजली जात आणि त्यांसाठी भारतातून मानेची कातडी मोठ्या प्रमाणात निर्यात होत असे. पुढे निर्यातीवर बंदी आली. आज हा पक्षी आणि त्याचा भाऊबंद लाल रानकोंबडा, दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत. परदेशात विकली जाणारी कायदेशीर पिसे तेथे बंदिस्त पैदाशीतून आलेल्या पक्ष्यांची असतात.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलांत रानकोंबडे आढळतात. पहाटे बांबूच्या बनातून येणारी त्यांची बांग येथील गावकऱ्यांच्या परिचयाची आहे. ताडोबा, जे 1955 साली घोषित झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे, आणि वर्धा-वैनगंगा संगमाजवळचे चपराळा अभयारण्य या प्रदेशात येतात. अशा ठिकाणी हौशी संग्राहकासाठी गोळा केलेले एक पीस क्षुल्लक वाटू शकते. परंतु मानेचे कातडे मिळवण्यासाठी पक्षी मारावाच लागतो, आणि एका नराच्या मानेवर ठिपक्यांची उपयुक्त पिसे मर्यादितच असतात.

मोराच्या पिसांची कायदेशीर स्थिती थोडी वेगळी आहे. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे व त्यास सर्वोच्च संरक्षण आहे. तथापि नैसर्गिकरीत्या गळलेली शेपटीची पिसे देशांतर्गत बाळगण्यास कायद्याने सवलत दिली असून निर्यातीस मनाई आहे. डिसीव्हरच्या पाठीवर मोरपिसाचे हिरवे-तपकिरी तंतू लावण्याची पद्धत आहे. देशात बांधलेली अशी माशी परदेशी मित्रास टपालाने पाठवणे मात्र बेकायदेशीर ठरू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुर्मिळ पिसांचा हव्यास कोणत्या थरास जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणून 2009 साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात झालेल्या चोरीचा उल्लेख होतो. पारंपरिक सॅमन माश्या बांधणाऱ्या एका तरुणाने तेथून 299 पक्ष्यांची कातडी पळवली होती. काही नमुन्यांवरील नोंदचिठ्ठ्या काढून टाकल्याने त्यांचे शास्त्रीय मूल्य कायमचे नष्ट झाले. खाऱ्या पाण्याच्या माश्या या बाबतीत निरुपद्रवी म्हणाव्या लागतील. त्यांत कृत्रिम तंतूंचा वापर इतका वाढला आहे की दुर्मिळ पिसांवाचून कोणतेही काम अडत नाही. कृत्रिम तंतूंची कात्रणे मात्र प्लॅस्टिकच असतात आणि ती पाण्यात जाऊ न देणे बांधणाऱ्याच्या हाती आहे. हीच गोष्ट शिशाच्या डोळ्यांची. शिसे विषारी असल्याने पितळ किंवा टंगस्टनचे डोळे अधिक बरे.

नदीतील उपयोग : वैनगंगा

खाऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेले नमुने मोठ्या नद्यांतही चालतात. क्लाउझरचा जन्मच नदीवर झाला असल्याने यात नवल नाही. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. मंदिरसमूहासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या या स्थळी नदीचे पात्र रुंद, खडक व वाळूचे आहे. पुढे चपराळ्याजवळ वर्धा मिळाल्यावर हीच नदी प्राणहिता होते, सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते.

या खोऱ्यातील ढिवर, भोई व केवट समाज जाळ्याबरोबर गरीचाही, म्हणजे गळाचाही, वापर करतात. त्यांचे आमिष गांडूळ, कोळंबी, लहान मासा असे खरे असते. मरळ व शिंगाळा हे येथील शिकारी मासे आहेत. मरळ हवेतून श्वास घेण्यास पृष्ठभागावर येते, वनस्पतींच्या आडोशाने राहते आणि बेडूक किंवा लहान मासा यांवर झडप घालते. तिच्यासाठी नायलॉनची कमान लावलेला काळा डिसीव्हर किंवा फोमचा पॉपर तत्त्वतः योग्य ठरतो. शिंगाळा तळाशी राहत असल्याने त्यास जड डोळ्यांचा क्लाउझर. रोहू व कतला प्रामुख्याने वनस्पतिजन्य पदार्थ व प्लवक खातात, त्यांच्यापुढे माशाची नक्कल ओढणे व्यर्थ आहे. गोड्या पाण्यात साधा पोलादी गळही टिकतो आणि तो पुष्कळ स्वस्त असतो.

अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. तलाव व जलाशयांतील मासेमारीचे हक्क अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. हौशी मच्छीमाराने तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची संमती घेणे आवश्यक आहे. ज्या माशाला एक जण गंमत म्हणून पकडतो तो दुसऱ्याच्या घरचा रोजगार असतो.

मासा सोडून देणे

माशीने पकडलेला मासा बहुधा ओठाला किंवा जबड्याच्या कोपऱ्यास लागतो, कारण खोटे आमिष तो गिळत नाही. त्यामुळे त्यास जिवंत सोडणे तुलनेने सोपे असते. जिताड्याच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीस नर असतो व मोठा झाल्यावर मादी बनतो. साधारण 80 सेंटीमीटरच्या पुढे जाताना हे लिंगांतर होत जाते. अंडी घालण्यासाठी त्यास नदीमुखाचे खारे पाणी लागते. म्हणजे खाडीतील सर्वांत मोठे, छायाचित्रासाठी सर्वांत मोहक जिताडे जवळपास सर्व माद्याच असतात, आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी देते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये यामुळेच किमान 58 सेंटीमीटर आणि कमाल 120 सेंटीमीटर अशा दोन्ही मर्यादा आहेत. त्याबाहेरचा मासा परत सोडावा लागतो.

सोडताना मासा शक्यतो पाण्यातच ठेवतात व ओल्या हाताने धरतात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. जड मासा जबड्याला धरून उभा टांगल्यास त्याच्या मणक्यास व जबड्याच्या सांध्यास इजा होते. दात सपाट केलेला गळ चिमट्याने उलट्या दिशेने एका झटक्यात निघतो. मासा दमलेला असल्यास त्यास प्रवाहाकडे तोंड करून कल्ल्यांतून पाणी वाहू द्यावे. तो स्वतःहून शेपटी मारून हातातून निसटेपर्यंत धरून ठेवतात. उन्हाळ्यात पाणी कोमट असते व त्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा झुंज लांबवण्याऐवजी जड छडी वापरून मासा लवकर आणणे हितावह असते.